कोल्हापुरी ताटाबरोबर वाइन: सुट्टीतला पाहुणचार आणि भेटीची बाटली यांविषयी नवख्यांसाठी मार्गदर्शन

दिवाळीचा फराळ संपत आल्यापासून संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत कोल्हापुरातील घरांना पाहुण्यांपासून फारशी उसंत मिळत नाही. पुण्या-मुंबईला आणि बंगळुरूला नोकरीसाठी गेलेली मुले सुट्टीला घरी येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र येतात, अंबाबाईच्या दर्शनासाठी आलेले नातेवाईक एका रात्रीचा मुक्काम करतात आणि जेवल्याशिवाय कोणालाही उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही ही इथली रीत असल्यामुळे चूल सतत पेटलेली असते. अलीकडे काही घरांत या जेवणाबरोबर वाइन देण्याची पद्धत रुजू लागली आहे, आणि मिठाईच्या खोक्याऐवजी बाटली भेट देणारेही वाढले आहेत. मात्र दुकानातल्या फळीसमोर उभे राहिल्यावर नेमके काय मागावे हे अनेकांना उमगत नाही, आणि मग दुकानदार हातात देईल ती बाटली घरी येते.

हे मार्गदर्शन अशा नवख्या यजमानांसाठी आहे आणि त्यातील सगळ्या सूचना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: आपल्याकडे आधी ताट ठरवावे आणि मग त्या ताटाला साजेशी बाटली शोधावी. वाइनविषयीचे बहुतेक प्रसिद्ध नियम युरोपातील जेवण डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले आहेत आणि त्या जेवणात मिरची जवळजवळ नसतेच. त्यामुळे मटणाबरोबर लाल वाइन आणि माशाबरोबर पांढरी वाइन हा सर्वांना तोंडपाठ असलेला नियम आपल्या तांबड्या रश्श्यासमोर टिकत नाही.

पहिली पायरी: पाहुणे आणि वार

कागद घेऊन पाहुण्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे तो काय खातो आणि काय पितो हे नोंदवावे. कोल्हापूर जिल्ह्यात जैन आणि लिंगायत कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी जवळपास प्रत्येक नात्यागोत्यात सापडतात, आणि मटण आवडीने खाणारी पण मद्याला स्पर्श न करणारी माणसे तर घरोघरी आहेत. दहा जणांच्या पंगतीत दोन माळकरी, एक जैन मैत्रीण आणि तीन मटण खाणारे पण न पिणारे असे धरले, तर वाइन घेणारे चारच उरतात. ही गणती आधी केली की खर्चही आवाक्यात राहतो आणि कोणाची कुचंबणाही होत नाही.

त्यानंतर वार पाहावा. सोमवार, गुरुवार आणि शनिवार अनेक घरांत पाळले जातात, मंगळवार आणि शुक्रवार देवीचे म्हणून काही घरे सोवळी राहतात, आणि म्हणूनच इथल्या मटणाच्या दुकानांसमोर बुधवारी आणि रविवारी रांगा लागतात. नाताळाच्या सुट्टीचा काळ बहुधा मार्गशीर्षात किंवा त्याच्या आसपास येतो. मार्गशीर्षातील गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत असते, चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचे नवरात्र असते, शिवाय एकादशी आणि संकष्टी आहेतच. आमंत्रण देण्याआधी दिनदर्शिका उघडून ही तारीख पाहण्यास दोन मिनिटे लागतात. ती न पाहिल्यास ताटावर बसलेली काकू "आज माझा उपवास आहे गं" असे म्हणते आणि तिच्यासाठी ऐनवेळी वरीचे तांदूळ शोधावे लागतात.

वाइन न घेणाऱ्यांसाठी केलेले पेय हे उरलेसुरले वाटता कामा नये. सोलकढी, कोकम सरबत, आले घालून काढलेला ताजा उसाचा रस किंवा कोथिंबीर-जिरे लावलेला मठ्ठा, यांपैकी दोन पेये तरी थंड करून, वाइन ज्या काचेच्या पेल्यांत दिली जाते तशाच पेल्यांत द्यावीत. कोणी वाइन नको म्हटले तर कारण विचारू नये आणि दुसऱ्यांदा आग्रह करू नये. आपल्याकडे आग्रहाला मान आहे, पण तो रश्श्याच्या वाटीपुरता ठेवावा.

कायद्याचा भागही इथेच उरकून घेतलेला बरा. महाराष्ट्रात वाइन आणि बिअर यांसाठी किमान वय २१ वर्षे आणि इतर मद्यांसाठी २५ वर्षे आहे, आणि मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचाही मिळतो आणि कायमचाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी दुकाने बंद असतात, निवडणुकीच्या काळातही बंदी असते, म्हणून खरेदी चार दिवस आधी करावी. ज्यांना गाडी चालवत घरी जायचे आहे त्यांच्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मद्यार्काची कायदेशीर मर्यादा आहे. ती फार लवकर गाठली जाते, त्यामुळे अशा पाहुण्यांसाठी रिक्षाची किंवा मुक्कामाची सोय यजमानाने आधीच करून ठेवावी.

दुसरी पायरी: ताट आणि तिखट

या पायरीवर थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

माझ्या घरी पहिल्यांदा मटणाच्या जेवणाबरोबर वाइन द्यायची ठरली, तेव्हा मी नियमाप्रमाणे ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली, चांगली भारदस्त कॅबर्ने सॉव्हिन्याँ ही लाल वाइन आणली होती. थोरल्या मामांनी तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली, त्यावर वाइनचा एक घोट घेतला, क्षणभर थांबले, आणि काही न बोलता पेला ताटापासून वीतभर दूर सरकवून दही-कांद्याची वाटी जवळ ओढली. त्या संध्याकाळी उरलेल्या पाच पेल्यांचेही तेच झाले. वाइन उत्तम होती आणि रस्साही उत्तम होता, पण दोघांची गाठ चुकीची पडली होती.

त्याचे कारण समजून घेतले की पुढची सगळी निवड सोपी होते. मिरचीतील कॅप्सायसिन तोंडातील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते आणि मद्यार्क त्याच मज्जातंतूंना अधिक संवेदनशील करतो, त्यामुळे १४ टक्के मद्यार्काची वाइन तिखटावर प्यायली की आग विझण्याऐवजी भडकते. लाल वाइनमध्ये टॅनिनही असते. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून उतरणारा हा तुरटपणा, चहा फार वेळ उकळल्यावर किंवा कच्चे जांभूळ चावल्यावर जीभ जशी खरखरीत होते तसा असतो, आणि तिखटाने आधीच सोललेल्या जिभेवर तो कडवट लागतो. याउलट किंचित गोडवा, थंडपणा आणि फळाचा ताजा स्वाद तिखटाला शांत करतात. तेव्हा तिखट ताटासाठी बाटली निवडताना मद्यार्क कमी, टॅनिन कमी, थोडा गोडवा आणि चांगला आंबटपणा या चार गोष्टी पाहाव्यात.

तांबड्या रश्श्याबरोबर थंड रोझे किंवा शेनिन ब्लाँ ही किंचित गोडसर पांढरी वाइन द्यावी. सुदैवाने आपल्याकडे तयार होणाऱ्या शेनिन ब्लाँमध्ये बऱ्याचदा तो अंगचा गोडवा ठेवलेला असतो, त्यामुळे नवख्याने फारसा विचार न करता ही एक बाटली आणली तरी कोल्हापुरी जेवणात ती वाया जात नाही. रोझे ही लाल द्राक्षांपासूनच, पण साल थोडाच वेळ रसात ठेवून केलेली असल्यामुळे तिच्यात फळाचा स्वाद असतो आणि तुरटपणा नावालाच उरतो.

पांढरा रस्सा वाइनच्या दृष्टीने आपल्या स्वयंपाकातील सर्वांत सोयीचा पदार्थ आहे, आणि बाहेरगावच्या पाहुण्याला वाइन व कोल्हापुरी जेवण यांची पहिली ओळख करून द्यायची असेल तर ती याच वाटीपासून करावी असे माझे ठाम मत आहे. नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस आणि अख्खा गरम मसाला यांचा स्निग्ध, मऊ सुगंध ओकच्या पिंपात न मुरवलेल्या शार्दोने किंवा व्हिओन्ये या पांढऱ्या वाइनला फार छान बिलगतो, आणि शेनिन ब्लाँ तर इथेही चालतेच. फक्त रस्सा फुटू देऊ नये. मटणाचा अळणी रस आणि वाटण नीट उकळून झाल्यावर आच अगदी मंद करावी, नारळाचे दाट दूध शेवटी घालावे, पळीने एकाच दिशेने हलवत राहावे आणि कडेला बुडबुडे दिसू लागताच भांडे खाली उतरवावे. जोरात उकळी आलेला पांढरा रस्सा दाणेदार होतो आणि मग त्याच्याबरोबर कोणतीही वाइन शोभत नाही.

सुक्या मटणाबरोबर मात्र लाल वाइनची हौस पुरवता येते. मसाला अंगाबरोबर आटलेला, खोबरे खरपूस भाजलेले आणि कांदा चांगला परतलेला असला की त्या भाजल्या चवीला शिराझची मिरमिरी झकास जुळते. इथे तरुण, फळाची चव पुढे असलेली शिराझ घ्यावी आणि ती किंचित थंड करून द्यावी. पिंपात फार काळ मुरवलेली भारदस्त बाटली घरात असेलच, तर ती नुसत्या मिरपूड-मीठ लावून भाजलेल्या चापांसाठी राखून ठेवावी.

तिखट कमी करण्यासाठी रश्श्यात साखर किंवा मलई घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याने रस्सा बिघडतो. त्याऐवजी तांबड्या रश्श्यावरचा तवंग पळीने अलगद काढून वेगळ्या वाटीत ठेवावा आणि ज्याला हवा त्याने तो वरून घ्यावा. रंग आणि तिखट यांचा बराच भाग त्या तेलात उतरलेला असल्याने खालचा रस्सा बाहेरच्या पाहुण्यालाही पेलतो. दही-कांदा ताटात असावाच, कारण दुधातील प्रथिने कॅप्सायसिनला जिभेवरून सोडवतात. खर्डा वाढायचा असेल तर तो भाकरीबरोबर, जेवणाच्या मध्यावर वाढावा. वाइनच्या पहिल्या घोटाआधी खर्डा खाल्लेल्याला पुढचा अर्धा तास कशाचीच चव लागत नाही.

शाकाहारी पाहुण्यांचे ताट अधिक सोपे आहे. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू यांचा ताजेपणा असलेल्या पदार्थांबरोबर सॉव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी वाइन चांगली लागते, भरल्या वांग्याबरोबर आणि अख्ख्या मसूरबरोबर हलकी शिराझ किंवा रोझे चालते. काही वाइन स्वच्छ करताना अंड्याचा पांढरा भाग, दुधातील प्रथिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरला जातो, म्हणून काटेकोर शाकाहारी पाहुणा वाइन घेणार असेल तर लेबलवर शाकाहारी किंवा व्हीगन असा उल्लेख असलेली बाटली शोधावी.

फराळाचे तळलेले पदार्थ फसफसत्या वाइनबरोबर खाऊन पाहावेत. चकली, कडबोळी, शेव आणि जयसिंगपूर-सांगलीकडचे लसूण लावलेले भडंग यांच्यातील तेल आणि मीठ त्या बुडबुड्यांनी आणि आंबटपणाने तोंडातून धुऊन निघते आणि पुढचा घास पुन्हा कुरकुरीत लागतो. ही जोडी मला इतकी पटली आहे की दिवाळीत पाहुणे आल्यावर मी आता गोडाच्या ताटाआधी चकलीचीच ताटली पुढे करते.

गोडाबाबत नियम असा की वाइन पदार्थापेक्षा गोड असावी, नाहीतर ती आंबट आणि पातळ लागते. वेलीवर जास्त काळ ठेवून पिकवलेल्या द्राक्षांची, 'लेट हार्वेस्ट' असे लिहिलेली शेनिन ब्लाँ खव्याच्या करंजीबरोबर किंवा साजूक तूप सोडलेल्या गुळपोळीबरोबर द्यावी, प्रत्येकाला लहान पेलाभर पुरते. पाकात मुरलेल्या जिलेबीबरोबर वाइन देऊच नये.

तिसरी पायरी: दुकानात

आपल्याच राज्यात होणाऱ्या वाइनपासून सुरुवात करावी, आणि त्यामागे केवळ अभिमान नाही. ती आपल्या हवेत वाढलेल्या द्राक्षांची असते, आयात कर नसल्याने त्याच पैशांत चांगली मिळते, आणि दुकानदाराकडे तिचा माल फिरता असल्याने ताजी असते. नारायणगावजवळ १९८०च्या दशकात आधुनिक वाइननिर्मितीची सुरुवात झाली, राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये नाशिकला सुला ही वाइन कंपनी सुरू केली, २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि नाशिक हे देशातील वाइनचे मुख्य केंद्र झाले. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला २००७ मध्ये सुरू झालेल्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे नाव इटालियन भाषेत 'भाऊ' या अर्थाचे आहे, कारण मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेच्ची अशा तीन घरांतील भावांनी मिळून ती उभी केली. पाहुण्याला बाटली दाखवताना ही गोष्ट सांगितली की त्या वाइनला गाव मिळते.

लेबलवर प्रथम द्राक्षाची जात, म्हणजे शेनिन ब्लाँ, शिराझ वगैरे, आणि मग वर्ष पाहावे. आपल्याकडे द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे डिसेंबरात घेतलेल्या बाटलीवर चालू वर्ष असेल तर ती वाइन आठ-दहा महिन्यांची आहे. पांढरी आणि रोझे ही अशी तरुणच चांगली, दोन वर्षांपेक्षा जुनी शक्यतो घेऊ नये. जुनी वाइन म्हणजे चांगली वाइन ही समजूत फक्त थोड्या, नीट साठवलेल्या लाल बाटल्यांपुरती खरी आहे. 'ड्राय' म्हणजे गोडवा नसलेली आणि फसफसत्या वाइनवरील 'ब्रूट' म्हणजेही जवळपास तेच. शॅम्पेन हे नाव फ्रान्समधील त्याच नावाच्या प्रदेशातील वाइनलाच शोभते, आणि गोव्याची 'पोर्ट' ही गोड वाइन पोर्तुगालच्या पोर्टहून अगदी निराळी असते. बाटलीला बुचाऐवजी फिरकीचे झाकण असेल तर तिला हलकी समजू नये. ताज्या वाइनसाठी ते झाकण उलट अधिक खात्रीचे असते, आणि उघडायला साधन शोधावे लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाटली दुकानात कुठे उभी होती हे पाहावे. काचेच्या कपाटात उन्हाच्या तिरिपेत किंवा दिव्याखाली कित्येक महिने उभी राहिलेली बाटली एप्रिल-मेच्या उष्म्यात शिजून निघालेली असते. बूच बाटलीच्या तोंडाबाहेर किंचित वर आलेले असेल, गळ्याशी चिकट ओघळ वाळलेला असेल किंवा लेबल फिकट झाले असेल, तर ती परत ठेवावी आणि आतल्या खोक्यातील बाटली मागावी. दुकानदार ती आणून देतो, विचारायला संकोच करू नये.

किमतीबाबत एवढेच सांगेन की साधारण हजार रुपयांच्या आसपास घरच्या जेवणासाठी शोभेल अशी देशी वाइन मिळते, आणि तिखट जेवणासाठी त्याहून महाग बाटली घेतल्याने फारसे काही हाती लागत नाही.

चौथी पायरी: प्रमाण, थंडावा आणि पेले

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात. जेवणाआधीपासून शेवटपर्यंत माणशी दोन पेले धरले, तर वर सांगितलेल्या चार जणांना आठ पेले, म्हणजे दोन बाटल्या पुरतात. एक शेनिन ब्लाँ किंवा रोझे आणि एक शिराझ घ्यावी, हवी तर फराळासाठी फसफसत्या वाइनची एक बाटली जोडावी. मटण माणशी २०० ते २५० ग्रॅम धरावे, आणि रस्सा मात्र मोजून करू नये, कारण "रस्सा वाढा" ही हाक इथे शेवटपर्यंत येतच राहते.

लाल वाइन घराच्या तापमानाला द्यावी असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु ते तापमान युरोपातील थंड घरांचे आहे. डिसेंबरातही कोल्हापुरात दुपारी पारा तिशीच्या जवळ जातो आणि स्वयंपाकघरात तर त्याहून वर. लाल वाइन १५ ते १८ अंशांना चांगली लागते, म्हणून ती वाढण्यापूर्वी तासभर फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी आणि रोझे ८ ते १२ अंशांना हवी, त्या सकाळपासून फ्रिजमध्ये ठेवून वाढण्याआधी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढाव्यात. फसफसती वाइन ६ ते ८ अंशांना, म्हणजे फ्रिजमधून काढून थेट पेल्यात. ऐनवेळी घाई झाली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवावी, वीस मिनिटांत ती थंड होते. वाइनच्या पेल्यात बर्फ घालून ती पातळ करण्यापेक्षा हे बरे.

फसफसत्या वाइनच्या बाटलीत मोटारीच्या चाकातील हवेपेक्षा जास्त दाब असतो, ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. बाटली हलवू नये, ती चांगली थंड असावी, तार सोडवल्यापासून अंगठा बुचावरून काढू नये, वर जाड टॉवेल धरून बाटली तिरपी करावी, बूच घट्ट धरून बाटली फिरवावी आणि बूच हळूच 'हुश्श' करत बाहेर येऊ द्यावे. बाटलीचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे आणि ट्यूबलाइटकडे नसावे. मोठा आवाज काढून फेस उडवला तर ती वाइन जमिनीवर जाते आणि बूच डोळ्याला लागू शकते.

प्रत्येक वाइनला वेगळा पेला घेण्याची गरज नाही. तोंडाशी थोडा निमुळता असा एकाच आकाराचा काचेचा पेला पुरतो, तो एक तृतीयांशच भरावा, आणि आधी धुऊन त्याला साबणाचा वास राहिला नाही ना हे हुंगून पाहावे. वाढण्याआधी यजमानाने एक घोट घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचामुळे वाइन बिघडली आहे असे समजून ती बाजूला ठेवावी.

पाचवी पायरी: भेट

वाइन भेट देण्यापूर्वी त्या घरात ती चालते का हे ठाऊक असावे, आणि ठाऊक नसेल तर बाटली देऊ नये. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तिथे देवघराकडे जाणाऱ्या सोप्यात, सर्वांसमोर बाटली पुढे करू नये. यजमानाला बाजूला बोलावून, कापडी पिशवीत घालून द्यावी. खणाच्या कापडाची बाटलीच्या मापाची पिशवी शिंप्याकडून सहज शिवून मिळते, आणि बाटली संपल्यावरही ती घरात राहते. दिलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडली जावी अशी अपेक्षा ठेवू नये, कारण यजमानाने आपल्या ताटाचा विचार आधीच केलेला असतो. आवड माहीत नसेल तर फसफसती ब्रूट किंवा लेट हार्वेस्ट द्यावी, या दोन बाटल्या जेवणाच्या बेतात अडकत नाहीत.

कोल्हापूरकरांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. गोवा जवळ असल्याने सुट्टीवरून परतताना स्वस्तातल्या चार बाटल्या गाडीत टाकण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, परंतु गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि घाटरस्त्यांवर तपासणी होते. भेटीची बाटली इथल्याच परवानाधारक दुकानातून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

ज्या घरी वाइन चालत नाही, तिथे देण्यासारखे आपल्याकडे इतके आहे की बाटलीची उणीव भासत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि आज भौगोलिक मानांकन लाभलेला कोल्हापुरी गूळ नेमक्या याच हंगामात गुऱ्हाळांतून ताजा येतो. गूळ निवडताना पिवळाधमक रंग पाहून भुलू नये. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस नावाच्या रसायनाने आणलेला असतो, आणि त्याशिवाय केलेला गूळ तपकिरी, थोडा गडद दिसतो. एक तुकडा जिभेवर ठेवून पाहावा: खारट चव लागली तर घेऊ नये. शक्य असेल तर करवीर किंवा कागल तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळावर सकाळीच जावे. काहिलीतल्या रसाचा रंग बदलताना आणि गुळव्या लांब दांड्याने तो वाफ्यात ओतताना पाहिल्यावर, गरम गुळाचा जो गोळा हातावर मिळतो त्याची चव दुकानातल्या कोणत्याही भेलीला नसते. तिथूनच काकवीची बाटली घ्यावी. भाकरीबरोबर खाण्यासाठी परगावच्या मित्राला ती दिली की पुढच्या वर्षी तो स्वतःहून मागतो.

टोपली भरायची असेल तर बुरुडाकडून बांबूची टोपली घ्यावी, तिच्यात अर्धा किलो गुळाची भेली, काकवी, सुगंधी आजरा घनसाळ तांदूळ, सांगलीचे बेदाणे, भडंग आणि घरची कांदा-लसूण चटणी ठेवावी. या मसाल्याला आपण चटणी म्हणतो, पण पुण्या-मुंबईचा पाहुणा ती पोळीला लावून खाण्याची शक्यता असते, म्हणून बरणीवर "रश्श्यासाठी, चार माणसांना दोन चमचे" अशी चिठ्ठी चिकटवावी. मटणाचे लोणचे द्यायचे झाल्यास ते घर मांसाहारी असल्याची खात्री करावी आणि बनवल्याची तारीख लिहावी. वाइन घेणाऱ्या घरी हीच टोपली लेट हार्वेस्टच्या अर्ध्या मापाच्या लहान बाटलीसह द्यावी, बेदाणे आणि गुळाची चिक्की तिच्याबरोबर उत्तम लागतात.

सहावी पायरी: दुसरा दिवस

बाटलीत वाइन उरली तर बूच किंवा झाकण घट्ट लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी, लाल असली तरीही. पांढरी, रोझे आणि लाल तीन ते चार दिवस चांगल्या राहतात, लेट हार्वेस्ट त्याहून बरेच दिवस टिकते, फसफसती मात्र दुसऱ्याच दिवशी संपवावी. न उघडलेल्या बुचाच्या बाटल्या आडव्या, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवाव्यात. फ्रिजच्या माथ्यावर, जिथे त्या हमखास ठेवल्या जातात, तिथे मागून सतत गरम हवा येत असते, त्यामुळे पलंगाखालची किंवा कपाटाच्या तळकप्प्यातील जागा बरी.

आणि भांडी आवरून झाल्यावर, आठवण ताजी असतानाच, पाहुण्यांच्या यादीच्या त्याच कागदावर कोणती बाटली कोणत्या वाटीबरोबर आधी संपली ते लिहून ठेवावे. माझ्या कागदावर मामांच्या नावापुढे आता "पांढरा रस्सा, शेनिन, दोन पेले" असे लिहिलेले आहे.